न केलेल्या नोकरीचा राजीनामा

मी पुण्यात आठ महिने नोकरी केली, असं अमरावतीतल्या आमच्या गल्लीत अजूनही मानलं जातं. परवा एका लग्नात कुणीतरी माझी ओळख करून देताना तसं सांगितलंही, आणि मी नेहमीसारखी मान हलवली. खरं म्हणजे त्या आठ महिन्यांत मी पुण्यात पाऊलही ठेवलं नव्हतं. मी अकोल्यात होते, शोभामावशीच्या मधल्या खोलीत, आणि आज मी जे काही आहे ते त्या लपून बसण्यातून झालं आहे. चाळिशी जवळ आली, त्या काळातली खोटं बोलणारी माणसंही आता खरं विसरायला लागली आहेत, तेव्हा कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं.

लहानपणापासून मी बोलत नसे. मुकी नव्हते, पण बोलणं मला परवडत नसे. आमच्या इंग्रजी शाळेत मराठी शब्द तोंडातून गेला की बाई वहीत नाव लिहायच्या, आणि घरी चुकून इंग्रजी वाक्य गेलं की आई हातातलं लाटणं थांबवून म्हणायची, "आली मोठी मॅडम!" मी मधला मार्ग काढला होता. पाहुणे आले की पाण्याचा ट्रे घेऊन जायचं, हसायचं, परत यायचं. त्यामुळे मी हुशार आहे असा सर्वत्र समज झाला. आमच्या घरात बोलायचं काम आईने एकटीने उचललं होतं. बाबा सरकारी कचेरीत लिपिक. ते दिवसभर फायलींवर शेरे लिहून येत आणि घरीही शेऱ्याएवढंच बोलत. "बरं." "पाहू." "मीठ कमी." भिंतीपलीकडे मंदाकाकू राहायच्या. त्यांच्या मिक्सरचा आवाज बंद झाला की आमच्या घरातलं बोलणं त्यांना ऐकू जातं हे आईला ठाऊक होतं, म्हणून महत्त्वाच्या बातम्या ती बरोबर त्याच वेळी मोठ्याने सांगायची.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने कॉलेजात येऊन आमच्यातल्या चौदा जणांना घेतलं. त्यात मी कशी आले ते मला आजही कळलेलं नाही. मुलाखतीत मी तीनच वाक्यं बोलले होते. ऑफर लेटर आलं आणि आईने ते मंदाकाकूंना वाचून दाखवलं, इंग्रजीतलं, अडखळत, शेवटच्या अटींसकट. आईचा नवस होता: पोरगी नोकरीला लागली की रोडग्यांचं जेवण. रोडगे म्हणजे जाड कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजलेले, मग राख झटकून फोडायचे आणि वर तुपाची धार. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आमच्याकडे देवाशी केलेले बहुतेक सगळे करार रोडग्यांनीच पूर्ण होतात. बाबा म्हणाले, "लागली नाही अजून. जुलैत लागणार." त्यांच्या मानाने हे भाषणच होतं. पण आई म्हणाली, "जुलैत वांगी चांगली नसतेत." झालं. जानेवारीतच देवळामागच्या मोकळ्या जागेत धूर निघाला आणि शंभर-सव्वाशे माणसं माझ्या नोकरीचं जेवली. मंदाकाकूंनी पाच रोडगे खाल्ले आणि तूप पुसलेला हात माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाल्या, "अशीच मोठी हो वं माय, पन जराशी बोलत जा."

जुलै आला आणि कंपनीची मेल आली की रुजू होण्याची तारीख नंतर कळवू. ऑगस्टात तशीच मेल. मग मेलही बंद. मी घरी. सकाळी दूध घ्यायला गेले की "गेली नाई का वं अजून?" संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले की "कवा जातेस मंग?" मी हसायचे आणि खाली यायचे. आईला मात्र जेवण जाईना. देवाने आगाऊ जेवून काम केलं नाही, असं म्हणायची तिची हिंमत नव्हती आणि कंपनीबद्दल वाईट बोलायचं तर सव्वाशे माणसं हसतील. शेवटी सप्टेंबरात एका दुपारी, पलीकडचा मिक्सर थांबल्याबरोबर, आई मोठ्याने म्हणाली, "रेणू, तुझं पुण्याचं तिकीट काढलं बरं बाबांनी!" बाबांनी पेपरातून मान वर केली. त्यांनाही ते तेव्हाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली मला निरोप द्यायला उभी होती. कुणी हातात नारळ दिला, कुणी चिवडा. ऑटोत बसून आम्ही बसस्टँडवर गेलो आणि बाबांनी मला अकोल्याच्या लाल बसमध्ये बसवलं. "काही दिवसांचाच प्रश्न," ते म्हणाले, आणि बस हलल्यावर खिडकीशी चालत चालत, "सांभाळ."

शोभामावशी आईची धाकटी बहीण, पण आईसारखी अजिबात नव्हती. आई खोटं बोलताना घाबरून मोठ्याने बोलायची. मावशीला खोटं बोलण्याचा आनंद होता. ती बालवाडीत शिकवायची, त्यामुळे दिवसभर ससे, कोल्हे आणि बोलणारी झाडं तिच्या तोंडात असत आणि घरी आल्यावरही गाडी लगेच जमिनीवर येत नसे. तिचा मुलगा नागपूरला होस्टेलवर, काका बी-बियाण्यांच्या दुकानात. तिने पहिल्याच दिवशी माझ्यासाठी पुण्याचं आयुष्य बनवून टाकलं. रूममेट एक, साताऱ्याची, नाव पल्लवी. ऑफिस पाचव्या मजल्यावर. लिफ्ट कधीकधी बंद. "लिफ्ट काहून बंद?" मी विचारलं. "सगळं चांगलं चांगलं सांगतलं तं कोन विश्वास ठेवन?" मावशी म्हणाली.

आई रोज सकाळी फोन करून मला पुण्याचं हवामान पाहून ठेवायला सांगायची, कारण मंदाकाकू दर चार दिवसांनी मला फोन करत आणि त्यांचा पहिला प्रश्न हवामानाचाच असे. मी अकोल्याच्या उन्हात घाम पुसत सांगायचे, "हो काकू, इथे रिमझिम आहे." दिवाळीला मला घरी जाणं भाग होतं. पुण्याच्या गाड्या अमरावतीत सकाळी पोचतात, म्हणून मी अकोल्याहून पहाटेची पहिली बस धरली. उतरण्याआधी केस विस्कटायचे, असं मावशीने बजावलं होतं. बाकरवडी तिने अकोल्यातल्याच एका दुकानातून किलोभर आणून साध्या डब्यात ओतून दिली होती. मंदाकाकूंनी एक तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पुन्याची चवच अलग रायते बाप्पा."

हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं. सगळ्यांना मी कुठे आहे याची चिंता होती, आणि मी काय करणार हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही. ती मेल येईल, मी जाईन, पाचव्या मजल्यावर बसेन. मला ते हवं होतं का? मला कॉम्प्युटरचा राग नव्हता, प्रेमही नव्हतं. मावशीच्या मधल्या खोलीत पलंगावर पडून मी छताच्या पंख्याकडे बघायचे आणि वाटायचं, माझ्यात असं काहीतरी असायला हवं ना, की ज्याच्यासाठी लोकांनी रोडगे खावेत.

अंगणात मावसभावाची स्कूटी चादरीखाली उभी होती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मावशी तिच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "रेणे, मले शिकव." वय बावन्न. काकांनी तिला एकदा शिकवायला नेलं होतं, म्हणे. दोन चकरांत एवढे ओरडले की तिने चार दिवस त्यांना नुसती कोरडी पोळी वाढली. मला गाडी कॉलेजपासून येत होती, पण शिकवणं म्हणजे बोलणं. मी नाही म्हणणार होते. नाही म्हणायलाही बोलावं लागलं असतं, म्हणून गेले.

तिच्या शाळेमागे मोठं मैदान होतं. एका कडेला कुणीतरी जळणासाठी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, घराएवढा ढीग रचून ठेवलेला. आम्ही सकाळी सहाला जायचो. पहिले तीन दिवस मी गाडी चालूच केली नाही. स्टँडवरून काढा, हाताने ढकला, बसा, पायाने चाला, परत स्टँडवर लावा. मावशी म्हणाली, "हे काय शिकवनं होय? हे तं म्हैस धुनं झालं." पण चौथ्या दिवशी गाडी चालू केली तेव्हा तिला गाडीचं वजन माहीत झालेलं होतं आणि ती घाबरली नाही. मी मागे बसायचे आणि बोलण्याऐवजी खांद्याला हात लावायचे. डाव्या खांद्यावर टिचकी, डावीकडे. उजव्या, उजवीकडे. दोन्ही खांदे दाबले की थांबायचं. मला बोलायचं नव्हतं म्हणून काढलेली ही युक्ती. आजही मी असंच शिकवते आणि लोक विचारतात ही पद्धत कुठे शिकलात. मी गंभीर चेहरा करून म्हणते, अनुभवातून.

नवव्या दिवशी मावशी गाडीवर बसून बालवाडीत गेली. त्यानंतर जे झालं ते तिने केलं, मी नाही. तिच्या शाळेतली सेविका आली, मग समोरच्या गल्लीतली शिलाई करणारी शबानाभाभी, मग एक बँकेतल्या मॅडम, मग त्यांच्या सासूबाई. "ओरडत नाई," मावशी सगळ्यांना सांगायची. "पोट्टी काहीच बोलत नाई." अकोल्यात जणू या एका गुणासाठी बायका वर्षानुवर्षं थांबल्या होत्या. प्रत्येकीला कुणीतरी कधीतरी शिकवायला नेलेलं होतं, नवऱ्याने, दिराने, पोराने, आणि प्रत्येकीने दुसऱ्या चकरेत गाडी सोडून दिली होती. शबानाभाभी म्हणाल्या, "हमारे इनों तो मेरे से ज्यादा गाडी को डरते थे. इंडिकेटर कू हात नै लगाने दिए." शिकणाऱ्या बायकांपैकी कुणी कोथिंबिरीची सांभारवडी आणे, कुणी कैरीचं पन्हं, आणि मार्च संपता संपता मावशीने माझी फीही ठरवून टाकली, मला न विचारता.

उन्हाळ्यात आमच्याकडे मुली तोंडाला स्कार्फ बांधतात आणि वर काळा चष्मा लावतात. सख्खा भाऊ सिग्नलवर शेजारी उभा राहिला तरी ओळखणार नाही. माझ्यासाठी ही सोय देवाने पाठवल्यासारखी होती. मैदानात नव्याने येणाऱ्या कुणाला माझं तोंड माहीत नव्हतं, नाव तर नाहीच. मला सगळ्या "बाई" म्हणत. आणि त्या स्कार्फच्या आत, घामाने भिजलेली, मी एक गोष्ट बघत होते. घाबरलेलं माणूस हातातली वस्तू घट्ट धरतं. स्कूटीवर तीच चूक. मूठ आवळताना पिळली जाते, गाडी आणखी जोरात पळते, माणूस आणखी घाबरतं. बायका गाडीला घाबरतात असं नाही, आपण कुठे थांबू हे माहीत नसण्याला घाबरतात. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सव्वीस बायका शिकून गेल्या तोवर मला सकाळी पाच वाजता जाग यायला लागली होती, गजराशिवाय. आधी कुठल्याही कामासाठी आली नव्हती.

एप्रिलच्या शेवटी आईचा फोन आला. कुलरची घरघर होत होती म्हणून मी बाहेर गेले. "मंदा अकोल्याले गेली," आई म्हणाली, तिचा आवाज बारीक झाला होता. "तिच्या बहिनीकडे. गुडघ्याले तेल लावून देनारा वैद्य हाय म्हनते तथी. पंधरा दिवस. तू घराच्या बाहेर पडू नको." मी बरं म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी चार बायकांची शिकवणी होती, त्यांतली एक पहिल्यांदाच एकटी चालवणार होती. स्कार्फ होता, चष्मा होता. मी गेले.

सहा वाजून दहा मिनिटांनी मैदानाच्या फाटकातून बँकेतल्या मॅडमच्या सासूबाई आल्या, आणि त्यांच्यासोबत, पायात नवे बूट, पदर कमरेला खोचलेला, मंदाकाकू.

"हे माही बहीन," सासूबाई म्हणाल्या. "अमरावतीची. इलेही शिकवा."

मी मावशीकडे बघितलं. मावशीच्या डोळ्यांत तो बालवाडीतला आनंद चमकला. "बाईचा घसा बसला हाय," ती ताबडतोब म्हणाली. "बोलत नाईत. खांद्यावरच समजून घ्याचं." मंदाकाकूंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तोंड काहून बांधलं इतक्या सकाळी?" "ॲलर्जी हाय," मावशी म्हणाली. "मान्साईची."

मंदाकाकू भराभर शिकणाऱ्यांतल्या निघाल्या. गुडघे उत्तम होते. पहिल्या दिवशी ढकलताना त्या सतत बोलत होत्या आणि बोलत होत्या ते माझ्याबद्दल. "आमच्या बाजूची एक पोट्टी पुन्याले हाय. लय हुशार, पन एवढी बुजरी, एवढी बुजरी, का ग्लासभर पानी मांगनार नाई. मले तिची चिंता लागून रायते बाप्पा. तथी पाचव्या मजल्यावर, लिफ्ट बंद." मी गाडीचा मागचा भाग धरून चालत होते. "थांब, तिले फोन लावतो," काकू म्हणाल्या, "सांगतो तिले का मी गाडी शिकून राहिली." आणि त्या स्टँडवर लावलेल्या गाडीच्या सीटवर ऐटीत बसल्या आणि त्यांनी फोन लावला.

माझा फोन गाडीच्या डिक्कीत होता. डिक्की सीटखाली असते. मंदाकाकूंच्या खालून गाणं सुरू झालं.

त्या दचकून उठल्या. "हे कायचं वाजून राहिलं?" "नव्या गाड्याईत असंच रायते," मावशी म्हणाली. "बसलं का वाजते." काकूंनी फोन कापला, गाणं थांबलं. पुन्हा बसल्या, नाही वाजलं. "आता काहून वाजत नाई?" "ओळख पटली तिले," मावशी म्हणाली. शबानाभाभी पलीकडे गाडीच्या आरशाकडे तोंड करून हसत होत्या, खांदे हलत होते. त्यांना सगळं समजलं नव्हतं, पण काहीतरी मोठं चाललंय एवढं समजलं होतं.

सातव्या दिवशी मी काकूंना एकटीने सोडलं. छान गेल्या. पहिली चक्कर छान, दुसरी छान, तिसऱ्या चकरेत त्यांनी मावशीला हात करायला म्हणून डावा हात उचलला, गाडी किंचित हलली आणि त्या घाबरल्या. उजवी मूठ आवळली. मी लांबूनच बघितलं ते मनगट वळताना. गाडी सरळ पऱ्हाट्यांच्या ढिगाकडे निघाली. टिचकी मारायला खांदा माझ्या हाताशी नव्हता. काकू तोंडाने "अवं माय, अवं माय" म्हणत होत्या आणि जोरात जात होत्या.

"मंदाकाकू!" मी ओरडले. "मंदाकाकू, मूठ सोडा! हात उघडा! सोडा ना!"

तो आवाज कुठून आला ते मला माहीत नाही. माझ्यात एवढा आवाज आहे हे माझ्या आईवडिलांनाही कधी कळलं नव्हतं. ढिगावरच्या सगळ्या चिमण्या उडाल्या. मंदाकाकूंनी दोन्ही हात उघडले, अगदी भजनात उघडतात तसे, गाडी मंदावली आणि पुढचं चाक पऱ्हाट्यांत रुतून थांबली. काकू वरच. डोक्यात दोन काड्या.

मी धावत पोचले. त्या मागे वळल्या नाहीत. समोर काड्यांकडेच बघत म्हणाल्या, "इथं मले सगळे अमरावतीवाल्या ताई म्हनतेत. मंदाकाकू फक्त आपल्या गल्लीत म्हनतेत." मग वळल्या. "सोड तो स्कार्फ, रेणू."

मी सोडला. खाली बसले आणि सगळं सांगितलं, जुलैपासूनचं. आयुष्यात सलग एवढं मी कधी बोलले नव्हते. मला वाटलं, आता ही बाई मोबाइल काढेल आणि अर्ध्या तासात अमरावती पेटेल. काकूंनी डोक्यातली एक काडी काढली, तिच्याकडे बघितलं. "पाच रोडगे खाल्ले मी तुया नोकरीचे," त्या म्हणाल्या. मी रडायला लागले. "रडू नको. मी तरी कोन्त्या सत्याची हाओ? घरी सांगून आली गुडघ्याले तेल लावाले चालली म्हनून. आमचे हे म्हनतेत, तू शिकशीन तं मी मिशा काढीन. चारचौघात म्हनतेत. तू पुन्यात, मी तेलात." आणि त्यांना हसू फुटलं, मग मावशीला, मग मला, आणि ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्या बाकीच्या बायकाही हसायला लागल्या.

आमचा करार तिथेच झाला. मंदाकाकू माझं सांगणार नाहीत, मी त्यांचं. उरलेले आठ दिवस मी स्कार्फ न बांधता, बोलून, त्यांना रस्त्यावर गाडी चालवायला शिकवलं.

आणि त्यानंतर चारच दिवसांनी कंपनीची मेल आली. पुढच्या सोमवारी रुजू व्हा.

मी ती मेल मावशीच्या दारातल्या ओट्यावर उभी राहून तीन वेळा वाचली. मग आईला सांगितलं, कारण सांगावंच लागलं असतं. आई फोनवर एवढी रडली की मध्येच बाबांनी फोन घेतला आणि "बरं" म्हणाले. "पाह्यलं?" आई पुन्हा फोन घेऊन म्हणाली. "आपन खोटं बोललो नाई, रेणू. आधी बोललो." आता सगळं जुळून आलं होतं. मी फक्त जायचं, आणि मागचे आठ महिने आपोआप खरे होणार होते. आईच्या जिवावरचं केवढं ओझं उतरणार होतं ते मला कळत होतं. आणि मला हेही कळत होतं की मंगळवारी सकाळी सहाला मी त्या मैदानात नसेन, आणि नऊ बायका अर्ध्या शिकलेल्या राहतील, आणि पाचव्या मजल्यावर मी कुणाच्या खांद्याला हात लावणार?

मी अमरावतीला गेले, सामान बांधायला. स्कूटी मावशीने मला देऊनच टाकली होती; मी बसने न जाता ती चालवत नेली, हा माझा एवढाच निषेध. आईने शेजारच्या बायकांना चहा-पोह्यांना बोलावलं होतं. मधल्या खोलीत आठ-दहा जणी. "सुटीवर आली होती," आई सांगत होती, "उद्या चालली परत. ऑफिसवाले सोडतच नाईत तिले." मी पोह्यांच्या प्लेटा देत होते. हसत होते. परत येत होते. मंदाकाकूंना प्लेट दिली तेव्हा त्यांनी ती धरली आणि माझा हातही सोडला नाही.

"तुले जाचं हाय का वं?" त्या म्हणाल्या. सहज, पोह्यांवर लिंबू मागावं तशा.

खोलीत कुणालाच हा प्रश्न विशेष वाटला नाही. आईने फक्त झारा जरा जोरात ठेवला. मी प्लेटीतल्या शेंगदाण्यांकडे बघत होते. आणि अचानक मला दिसलं, इतकं स्पष्ट की हसूच आलं: न मिळालेली नोकरी नाकारता येत नाही, पण आठ महिने केलेली नोकरी कुणीही सोडू शकतं.

"नाही," मी म्हटलं. "मी सोडली ती नोकरी."

मिक्सर थांबल्यावर होते तशी शांतता झाली. आईचं तोंड उघडं. ती काय बोलणार होती? अजून लागलीच नाही, असं? तिने माझ्याकडे बघितलं, मंदाकाकूंकडे बघितलं, आणि तिला समजलं की तिच्याच गोष्टीत तिला कोंडलं गेलं आहे.

"सोडली?" कुणीतरी म्हणालं. "अवं, एवढी चांगली नोकरी!" "लिफ्ट बंद रायते तथी," मंदाकाकूंनी ठामपणे सांगितलं. "पाच मजले रोज. पोरीचं काय होईन?" दोघी-तिघींनी मान डोलावली, हे पटण्यासारखं होतं. "मंग आता काय करशीन?"

"गाडी शिकवते," मी म्हटलं. "बायकांना. सुटीत मावशीकडे अकोल्यात सुरू केलंय. इथेही करीन." आवाज दारापर्यंत पोचत होता. एक काकू फिसकन हसल्या. "हे काय काम झालं वं? इंजिनेर होऊन? आन या वयात कोन शिकते?"

मंदाकाकूंनी प्लेट खाली ठेवली. पदर खोचला. "चावी दे," त्या मला म्हणाल्या.

आम्ही सगळ्या दारात. काकूंनी स्कूटी स्टँडवरून काढली, मागे-पुढे बघितलं, इंडिकेटर लावला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. त्यांचे यजमान ओसरीत पेपर वाचत होते. काकू त्यांच्यासमोर थांबल्या, दोन्ही पाय टेकवून, आणि एकच शब्द म्हणाल्या: "मिशा." त्या गृहस्थांनी पेपर वर घेतला तो संध्याकाळपर्यंत खाली आणला नाही. त्याच दुपारी दोन जणींनी मला बाजूला घेऊन विचारलं की सकाळी किती वाजता.

आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. भांडी मात्र बोलत होती. बाबा कचेरीतून आले, त्यांना मंदाकाकूंनी फाटकातच सगळं सांगितलं असावं. हातपाय धुऊन ते माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "हेल्मेट घालायला लावतेस ना सगळ्यांना?" मी हो म्हटलं. "बरं," ते म्हणाले.

जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. कंपनीला कळवायला हवं होतं की मी येत नाही. आई ओटा पुसत होती. पुसून झालेला ओटा पुन्हा पुसून ती आली आणि माझ्याशेजारी बसली. चष्मा लावला. "काय लिहून राहिली?"

"की मला नोकरी नको."

"असं तोडून नको लिहू. चांगलं लिही." तिने नाक पुसलं. "लिही, तुमी मले फार सांभाळून घेतलं."

"आई—"

"लिही न. पहिलीच नोकरी होती पोरीची. आभार मान सगळ्याईचे. साहेबाचे वेगळे मान. त्या साताऱ्याच्या पल्लवीले म्हन भेटाले ये. आन मेसवाल्या बाईचे मान, तिच्या हातचं खाऊन राहिली तू." मेसवाली बाई आईने त्या क्षणी निर्माण केली होती, पण डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं.

मी दोन ओळी लिहिल्या. ऑफरबद्दल आभारी आहे, वैयक्तिक कारणाने रुजू होऊ शकत नाही. मग त्या दोन ओळी आईला मराठीत वाचून दाखवल्या, चांगली पाच मिनिटं, साहेबांपासून मेसवालीपर्यंत. आई मान डोलावत ऐकत होती. "आता पाठव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तुमचा निर्णय कळला, पुढील वाटचालीस शुभेच्छा. आई खांद्यावरून वाकून बघत होती.

"काय म्हनतेत?"

"त्यांना वाईट वाटलं," मी म्हटलं.

"वाटनारच," आई म्हणाली. "आठ महिने केलं तू."